शून्य परिकल्पनेचा त्याग

शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी कलाशाखेकडे वळतो तो साहित्य, इतिहास किंवा समाजशास्त्र यांच्या ओढीने वळतो, असा एक समज प्राचार्यांच्या स्वागतपर भाषणांमुळे आपल्याकडे रूढ झालेला आहे. वस्तुतः या वळण्याच्या मुळाशी आकर्षणापेक्षा पलायनाचा भाग अधिक असतो, आणि ज्याच्यापासून पलायन करावयाचे तो विषय बहुधा गणित हाच असतो. त्रैराशिक, चक्रवाढ व्याज आणि एका तोटीने भरत असताना दुसरीने रिकामा होणारा तो अविवेकी हौद यांनी ज्याचे बालपण ग्रासून टाकले, तो मनुष्य कलाशाखेच्या दारात पाऊल ठेवताना जो निःश्वास सोडतो त्याची नोंद कोणत्याही शैक्षणिक अहवालात सापडत नाही. पुढची काही वर्षे तो सुखात काढतो. मार्क्स, वेबर आणि दुरखीम यांची नावे आदराने उच्चारतो, 'सामाजिक स्थित्यंतर' हा शब्दप्रयोग सढळ हाताने करतो, आणि एखाद्या विधानाला आधार काय असे कोणी विचारलेच, तर 'सर्वसाधारणपणे असे आढळून येते' एवढे वाक्य पुढे करून वेळ मारून नेतो. दुरखीमने १८९७ साली आत्महत्येवर जो ग्रंथ लिहिला तो कोष्टकांनी खच्चून भरलेला आहे, ही बातमी मार्गदर्शिकांच्या कर्त्यांनी विद्यार्थ्यांपासून दयाबुद्धीने लपवून ठेवलेली असते.

हे सुख संपते ते 'संशोधन पद्धती' या विषयाशी गाठ पडते त्या दिवशी. एम. ए. होऊन, कोठेतरी अध्यापनाची नोकरी मिळवून, बढतीच्या निमित्ताने डॉक्टरेटचा संकल्प सोडलेल्या एखाद्या बाई आपला विषय घेऊन मार्गदर्शकांकडे जातात. विषय भारदस्त असतो: 'ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांतील विद्यार्थिनींच्या शैक्षणिक आकांक्षा व त्यांच्या पालकांची सामाजिक-आर्थिक स्थिती यांच्या परस्परसंबंधाचा चिकित्सक अभ्यास'. मार्गदर्शक शीर्षक दोनदा वाचतात, चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "नमुना किती घेणार?"

"किती घेऊ, सर?"

"शंभर घ्या."

"शंभरच का, सर?"

"टक्केवारी काढायला सोपं जातं."

या उत्तराला हसू नये. नमुन्याचा आकार किती असावा याची सूत्रे मोठमोठ्या ग्रंथांत दिलेली आहेत, पण ती वापरण्यासाठी लोकांमध्ये तफावत किती आहे हे आधी अजमासे ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक करून घेण्यासाठीच तर बाई घराबाहेर पडणार असतात. या चक्रातून बाहेर पडण्याचा शंभर हा एक सरळ मार्ग आहे. मराठीतील किती प्रबंध या एका आकड्याच्या आश्रयाने तरून गेले असतील, हा एका स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल. अर्थात त्यासाठीही शंभर प्रबंध घ्यावे लागतील.

मग शिकवणी सुरू होते. वर्गात एक मुख्याध्यापिका, एक समाजकार्याचे विद्यार्थी, निवृत्तीकडे झुकलेले एक शिक्षण विस्तार अधिकारी आणि आमच्या बाई असे मिश्र मंडळ बसलेले असते. मध्यमान, मध्यांक आणि बहुलांक ही त्रयी फारसा उपद्रव देत नाही, कारण ज्या वाड्यात अकरा भाडेकरू कारकून आणि बारावा मालक सावकार आहे त्या वाड्याची सरासरी मिळकत सांगणे म्हणजे भाडेकरूंची थट्टा करणे होय, हे भाडेकरू म्हणून राहिलेल्या कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. खरी अडचण प्रमाण विचलनापाशी उभी राहते. प्रत्येकाचे मध्यमानापासूनचे अंतर काढावयाचे, त्याचा वर्ग करावयाचा, वर्गांची सरासरी काढावयाची आणि शेवटी तिचे वर्गमूळ घ्यावयाचे, हे ऐकल्यावर विस्तार अधिकारी हात वर करतात. "शेवटी मूळच काढायचं होतं, तर वर्ग केला कशाला?" हा प्रश्न त्यांच्या चोख प्रशासकीय बुद्धीचा द्योतक असतो, जी टिप्पणी वर जाऊन पुन्हा आपल्याच टेबलावर यायची आहे ती पाठवावी कशाला, असा सवाल उभ्या हयातीत त्यांना वरिष्ठांना विचारता आलेला नसतो, तो ते येथे विचारून घेतात. अंतरे जशीच्या तशी मिळवली तर अधिकातली उण्यातून वजा होऊन बेरीज नेहमी शून्यच येते, असे अध्यापक फळ्यावर करून दाखवतात. विस्तार अधिकाऱ्यांना हे पटते. एवढा खटाटोप करून बाकी शून्य, हा अनुभव त्यांना नवा नसतो.

पुढे येते ती टी-कसोटी. दोन गटांच्या सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवणाऱ्या या कसोटीवाचून शिक्षणशास्त्रातील प्रबंधाला अंगी भारदस्तपणा येत नाही. पण तिचे कुलशील शोधू जाता जी हकीगत हाती लागते ती शैक्षणिक वर्तुळात मोठ्याने सांगण्यासारखी नाही. डब्लिन शहरी गिनेस यांचा बिअरचा प्रसिद्ध कारखाना आहे. तेथे १८९९ साली विल्यम सीली गॉसेट नावाचे एक तरुण रसायनज्ञ नोकरीस लागले. बिअरला बार्ली लागते, बार्लीचा कोणता वाण बरा हे ठरवण्यासाठी शेतात प्रयोग करावे लागतात, आणि प्रयोगाचे तुकडे मोजकेच असतात. त्या काळचे संख्याशास्त्र मोठ्या आकड्यांवर पोसलेले होते. चार-सहा नगांवरून काही सांगता येईल काय, या प्रश्नाकडे त्या शास्त्रातले धुरीण ढुंकून पाहात नसत. गॉसेटनी तो प्रश्न धरून ठेवला. ३,००० कैद्यांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी यांची मापे आयती उपलब्ध होती. ती त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पत्त्यांप्रमाणे पिसले, चार-चारांचे ७५० नमुने पाडले आणि आपले गणित त्यांवर ताडून पाहिले. नोकरांनी स्वतःच्या नावाने काही छापू नये असा कारखान्याचा शिरस्ता होता, म्हणून १९०८ साली हा शोध 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. कवितेला टोपणनाव लागते हे गोविंदाग्रज आणि बालकवी यांच्या महाराष्ट्राला ठाऊक आहेच. पण कारखान्याची अब्रू राखण्यासाठी एखाद्या समीकरणालाही ते धारण करावे लागावे, ही गोष्ट विलक्षण खरी. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, आणि त्यानंतर मद्यपानाच्या दुष्परिणामांचे मोजमाप करणाऱ्या किती सात्त्विक संशोधकांनी दारूभट्टीत जन्मलेल्या या कसोटीचा हवाला दिला असेल, याची कल्पना करून पाहिली म्हणजे विद्येला विटाळ नसतो हे पटते.

गॉसेटनी बिअर पुरवली, तर रोनाल्ड फिशर यांनी चहा पुरवला. इंग्लंडात रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात फिशर काम करीत असताना तेथल्या शैवालतज्ज्ञ म्युरिएल ब्रिस्टल या बाईंनी असा दावा केला की, कपात दूध आधी घातले की चहा आधी घातला, हे आपण चवीवरून ओळखू शकतो. असा दावा आपल्याकडे एखाद्या आत्याबाईंनी केला असता तर घरातल्यांनी माना डोलावून विषय बदलला असता. फिशरनी आठ कप मांडले. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा विस्कटलेला. आठांतून चार कप निवडण्याचे प्रकार होतात ७०, आणि त्यांतला एकच पूर्ण बरोबर. तेव्हा बाईंना काहीही कळत नसूनही चारही कप नेमके लागले, असे घडण्याचा संभव ७० त १, म्हणजे शेकडा दीडहून थोडा कमी. चारांतले तीनच बरोबर आले तर मात्र पंचाईत, कारण निव्वळ अंदाजाने तितके किंवा त्याहून चांगले जमण्याचे प्रकार ७० पैकी १७ आहेत, आणि एवढ्या मोठ्या संभवापुढे कोणाची जीभ तज्ज्ञ मानावी? १९३५ साली फिशरनी प्रयोगरचनेवर ग्रंथ लिहिला त्यात हा प्रसंग सविस्तर चर्चिलेला आहे, पण बाईंनी किती कप ओळखले ते सांगितलेले नाही, आणि माझ्या मते हे त्या ग्रंथाच्या थोरवीला साजेसेच आहे. प्रयोगाची आखणी पक्की झाल्यावर निकाल कोणाच्या बाजूने लागला ही चौकशी शेजाऱ्यांनी करावी. हे शास्त्र महाराष्ट्रात जन्माला येणे शक्यच नव्हते, याचे कारणही येथेच उघड होते: आपल्याकडे दूध, पाणी, साखर, चहा आणि आले एकाच पातेल्यात एकत्र उकळतात, त्यामुळे आधी काय घातले हा वाद उत्पन्न होत नाही, आणि वाद नाही म्हणजे शास्त्र नाही.

शेकडा पाच ही सुप्रसिद्ध मर्यादाही याच फिशरनी १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात सोयीची म्हणून सुचवली. सोय म्हणून घातलेला खांब पुढे देवस्थान व्हावा असे तिचे झाले. योगायोगाचा संभव विसांत एकाहून कमी असेल तर फरक 'सार्थ' आणि जास्त असेल तर निरर्थक, या फर्मानाचा एक परिणाम असा की, जेथे मुळात काहीच नाही अशा वीस ठिकाणी वीस संशोधकांनी खणले तर सरासरीने एकाला काहीतरी सापडते. तो एक निबंध वाचतो आणि बाकीचे एकोणीस आपापल्या ट्रंका बंद करतात. सहसंबंधाचीही तीच तऱ्हा. जॉर्ज उड्नी यूल यांनी १९२६ साली दाखवून दिले की, १८६६ पासून १९११ पर्यंत इंग्लंडात एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने होणाऱ्यांचे प्रमाण आणि त्याच काळातले मृत्युमान यांचा सहसंबंध ०.९५ इतका घट्ट होता. दोन्ही आकडे आपापल्या कारणांनी वर्षानुवर्षे खाली चालले होते, एवढेच त्यातले रहस्य. हा दाखला वर्गात ऐकवला असता समाजकार्याच्या विद्यार्थ्याने तो वहीत उतरून घेतला आणि उपाययोजना काय लिहावी असे विचारले.

येथवरचा अभ्यासक्रम, खरे सांगावयाचे तर, कोणाही शहाण्या माणसाला थोडक्या अवधीत येतो. संख्याशास्त्रातले गणित हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि पूर्वी फॅसिटच्या यंत्राची मूठ फिरवून तर आता संगणकाची कळ दाबून तो परस्पर उरकताही येतो. कठीण आहे ते ज्याच्यापासून आकडा मिळवावयाचा त्या दारातल्या माणसाचे वळण ओळखणे, आणि ही विद्या कलाशाखेच्या माणसाला उपजत अवगत असते. दुर्दैव असे की सूत्रांच्या धाकाने तो नेमकी तीच घरी ठेवून बाहेर पडतो.

नमुन्याची गोष्ट घ्या. वनपर्वातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा दमयंतीच्या स्वयंवराला निघालेला असताना वाटेत एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती हे रथातूनच सांगतो. सारथ्याच्या वेषातला नल रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजून पाहतो. आकडा बरोबर भरतो. लग्नाच्या घाईत असलेल्या यजमानाला थांबवून झाड तोडून फळे मोजणारा हा नल म्हणजे आमच्या लेखापरीक्षकांचा आद्य पूर्वज, आणि थोडक्यावरून सगळ्याचा अंदाज बांधणारा ऋतुपर्ण हा नमुना पाहणीचा, असे मला नेहमी वाटत आलेले आहे. विशेष हे की, ऋतुपर्णाने नलाला ही विद्या फाशांच्या रहस्यासह एकदमच दिली. आपल्या बायकांना तर यातले मर्म शितावरून भाताची परीक्षा करताना रोजच कळते. परंतु भात एका आधणात सारखा शिजतो. समाज कोठे करपलेला तर कोठे कच्चा असतो, आणि ढवळून घेण्याची सोय नसते. म्हणून यदृच्छेचा आश्रय करावा लागतो, आणि यदृच्छा म्हणजे जो भेटेल तो नव्हे. एल. एच. सी. टिपेट यांनी खानेसुमारीच्या अहवालांतले आकडे घेऊन ४१,६०० यादृच्छिक अंकांचे एक पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध केले. त्यात संगती अशी कोठेही नाही, आणि नसणे हाच त्याचा गुण. अशा पुस्तकाची मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थाच्या नशिबी कोणते समाधान आले असेल, हा विचार मुद्रितशोधकांच्या या आपल्या पुण्यनगरीत अनेकदा मनात येतो.

या पुस्तकावरून निघालेल्या घरक्रमांकाला नेमके कुलूप असते. तेथे पुन्हा जावे, पुन्हा पुन्हा जावे, शेजारचे घर घेऊ नये, असा नियम आहे. बाई शेजारच्या घरी जातात. तेथे सतरंजी अंथरली जाते, पोहे येतात, प्रश्नावली आनंदाने भरून मिळते आणि वर नणंदेच्या घरचीही भरून देण्याची तयारी दाखवली जाते. अशा रीतीने शंभर घरांचा जो नमुना तयार होतो तो ग्रामीण पालकांचा नसून दुपारी घरी असणाऱ्या अगत्यशील माणसांचा असतो. अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ साली सुमारे १ कोटी मतपत्रिका वाटून, २० लाखांहून अधिक परत मिळवून, रूझवेल्ट हरणार असे भाकीत केले आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले; तेथेही उत्तर धाडण्याची हौस असलेल्यांचेच मत तेवढे मोजले गेले होते. तेव्हा आमच्या बाईंनी एकट्याने खजील होण्याचे कारण नाही.

मग वयाचा रकाना येतो.

"आजी, वय काय तुमचं?"

"लिवा की साठ."

"नक्की साठ?"

"मग पासष्ट लिवा. बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन झालं हुतं, तवाचं काय वय आसंल ते तुमीच बघा. तुमी शिकलेल्या."

आपल्या देशात १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली, आणि प्रत्येक शिरगणतीत लोकांची वये शून्य आणि पाच या अंकांपाशी गोळा झालेली आढळतात. तिशीत पुष्कळ माणसे, एकतिसाव्या वर्षी एकाएकी शुकशुकाट, पस्तिशीत पुन्हा जत्रा. हा लोभ मोजण्याचा एक निर्देशांकही आहे: लोभ मुळीच नसेल तर १०० आणि प्रत्येकाने शून्य किंवा पाचच सांगितले तर ५००. याला अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आजींना वय ठाऊक नसते असे नाही. ते वर्षांत मोजण्याची गरज त्यांना कधी पडलेली नसते. कधी काळी मानमोडीच्या साथीवरून, कधी पानशेतच्या पुरावरून, कधी दुष्काळावरून माणसे आपले आयुष्य लावून घेत, आणि शहाणे पाहणीदार अशा घटनांची यादी खिशात बाळगीत. बाईंच्या स्वतःच्या आजीचे वय असेच निघालेले असते, पण प्रबंधातल्या 'वयोगट' या मथळ्याखाली दुष्काळ कसा घालावा हे त्यांना कोणी शिकवलेले नसते, म्हणून त्या पासष्ट लिहितात.

उत्पन्नाच्या प्रश्नाला 'भागतंय' हे एकच उत्तर सर्व थरांत मिळते, आणि ते देणाऱ्यांत सालगड्यापासून साखर कारखान्याच्या संचालकापर्यंत सगळे असतात. मताच्या प्रश्नाला तर याहून मौज. रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन गृहस्थांनी १९३२ साली मते मोजण्यासाठी पाच पायऱ्यांची शिडी बांधून दिली: पूर्णतः सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्णतः असहमत. 'मुलींनी उच्च शिक्षण घ्यावे' या विधानावर आपण कोणत्या पायरीवर आहात, असे विचारताच घरचे कर्ते पुरुष विचारतात, "तुमच्या शाळेतनंच आल्या ना?" आणि होकार मिळताच पूर्णतः सहमत होतात. पत्नीला तोच प्रश्न विचारला तर उत्तर पुन्हा तेच देतात, "तिला काय विचारता, मी सांगतोय ना." पाहुण्याला नाही म्हणू नये, मुलीच्या बाईंना तर नाहीच नाही, हा आपल्याकडचा रिवाज, आणि त्या रिवाजाचे मध्यमान ४.६ येऊन त्याला 'आकांक्षा' असे नाव मिळते.

आकड्यामागे माणूस उभा असतो, ही गोष्ट आपल्या महसूल खात्याला विद्यापीठांच्या फार आधी कळलेली होती. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे धरून यंदाचे पीक किती आण्यांचे, हे नजरेने ठरवण्याची आणेवारी नावाची जी पद्धत होती, तीत पाहणाऱ्याची नजर सरकारची आणि पीक रयतेचे, त्यामुळे आकडा कोठे पडतो याला मोठी किंमत असे. चार आणे किंवा त्याहून कमी उतरले तर त्या सालचा शेतसारा तहकूब व्हावा असा मुंबई इलाख्यात नियम होता. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात १९१८ साली सरकारी अंदाज चार आण्यांच्या वर निघाला, शेतकऱ्यांचा खाली, आणि या तफावतीवर गांधीजींनी सत्याग्रह केला. मोजमापाच्या अचूकतेवर उभा राहिलेला इतका मोठा लोकलढा जगाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल; संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्याला जागा नाही, तेथे नाणेफेकीचीच उदाहरणे चालतात. पुढे आणे चलनातून गेले, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि आता पन्नासाच्या आत आकडा यावा म्हणून तालुक्याचे तालुके देव पाण्यात घालून बसतात.

नजरेऐवजी प्रत्यक्ष कापणी करून पिकाचा अंदाज घ्यावा, हे शास्त्र ज्यांनी या देशात रुजवले त्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे अग्रणी. कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात १९४० च्या दशकात एक रंगतदार वाद झाला. शेतातला लहानसा तुकडा कापून तोलावा की मोठा? लहान तुकडा कापण्यास स्वस्त आणि चटपट. पण सुखात्म्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न नेहमी फुगलेले येते. याचे कारण कोणत्याही सूत्रात नव्हते. सीमारेषेवर उभी असलेली रोपे आत धरावी की बाहेर, असा संशय आला म्हणजे कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा हिस्सा मोठा. बांधावरचे आपले मानण्याची ही वृत्ती ज्या प्रांतात बांधाच्या वितीवरून भाऊबंदकीचे दावे तीन पिढ्या चालतात, त्या प्रांतातल्या माणसाच्या लक्षात आली यात आश्चर्य ते काय! येथे गणित इंग्लंडात शिकलेले होते, पण निरीक्षण घरचे होते.

एवढे झाल्यावर उरतो तो मुख्य विधी. प्रबंधात आरंभी 'दोन्ही गटांत कोणताही सार्थ फरक नाही' अशी शून्य परिकल्पना मांडावी लागते. बाईंचा तिच्यावर कवडीचा विश्वास नसतो. फरक आहे म्हणूनच तर त्या प्रबंध लिहीत असतात. चौथ्या प्रकरणात टी-मूल्य कोष्टकातल्या मूल्याहून मोठे आले की 'म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे' असे वाक्य येते, आणि ते वाचताना आपल्या परंपरेतील त्यागांची सारी मालिका, राज्याचा, संसाराचा, राजवस्त्रांचा, डोळ्यांपुढून सरकून जाते. मूल्य लहान आले तर मात्र पंचाईत होते. त्यागाला पुरेसा पुरावा नाही एवढेच शास्त्राला म्हणावयाचे असते, पण तेवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही, म्हणून 'स्वीकार करण्यात येत आहे' असे लिहून बाई मोकळ्या होतात आणि संख्याशास्त्राचे जाणकार कपाळाला हात लावतात. फरक आढळला नाही हे सरळ सांगण्याला काय छाती लागते, हे इरावतीबाई कर्वे यांच्या चरित्रावरून कळते. बर्लिन येथे ऑयगेन फिशर या वंशवादी मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या असमतेवर डॉक्टरेटचे काम केले, आणि त्या असमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही हा आपला निष्कर्ष गुरूची धारणा बाजूला ठेवून मांडला. त्याच इरावतीबाईंनी पुढे संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या जोडीने महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनावरचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध केला. माणसे ओळखणारी व्यक्ती आणि आकडे ओळखणारी व्यक्ती एका टेबलाशी बसल्या म्हणजे काय होते याचा तो नमुना होय, आणि येथे मात्र नमुन्याचा आकार दोन असला तरी मला पुरतो.

आमच्या बाईंना असा जोडीदार विद्यापीठाच्या फाटकासमोर भेटतो. टंकलेखन, सोनेरी अक्षरांची बांधणी आणि 'डेटा ॲनालिसिस' या तिन्ही सेवा एका छताखाली देणाऱ्या दुकानात, गळ्यात इअरफोन अडकवलेला एक विशीतला मुलगा बाईंची कोष्टके संगणकात भरतो. ज्या विद्येसाठी गॉसेटनी तीन हजार कैद्यांची बोटे पिसली ती त्याच्या बोटांखालून क्षणार्धात निघते. पडद्याकडे पाहात तो विचारतो, "मॅडम, सिग्निफिकंट पाहिजे का नको?" बाई गोंधळतात. "म्हणजे, सरांनी काय सांगितलंय? बऱ्याच जणांना पाहिजे असतं." हा प्रश्न निर्लज्ज आहे हे खरे, परंतु शेकडा पाचच्या त्या सबंध इतिहासात इतक्या स्पष्टपणे तो कोणी विचारला नव्हता, हेही तितकेच खरे.

यथावकाश मौखिक परीक्षेचा दिवस उजाडतो. बहिःस्थ परीक्षक रात्रभर प्रवास करून आलेले असतात. त्यांनीही शालान्त परीक्षेनंतर गणित सोडलेले असल्यामुळे चौथे प्रकरण येताच ते पानांची एक जाडशी चळत शांतपणे उलटून पाचव्यावर येतात, प्रास्ताविकातली भाषा ओघवती असल्याचे सांगतात, संदर्भसूचीतल्या दोन आद्याक्षरांवर हरकत घेतात आणि विचारतात, "नमुना शंभरच का घेतला?" बाई मार्गदर्शकांकडे पाहतात. मार्गदर्शक खिडकीबाहेर पाहतात. "संशोधनाची व्याप्ती आणि मर्यादा लक्षात घेऊन," असे बाई म्हणतात, आणि तिघांच्याही चेहऱ्यांवर सुटकेचे भाव उमटतात. 'संख्याशास्त्रीय विवेचन सखोल' असा शेरा अहवालावर पडतो. त्यानंतर परीक्षक प्रवासभत्त्याचा अर्ज पुढे ओढतात. द्वितीय श्रेणीचे वातानुकूलित भाडे, स्थानकापासूनचे किलोमीटर, रिक्षाचा दर, दैनिक भत्त्याचा एक पूर्ण आणि एक अर्धा दिवस, प्रबंध तपासणीचे मानधन, हे सारे कागदाच्या कडेलाही आकडा न मांडता रकान्यांत भरतात, बेरीज करतात आणि अर्ज लेखा विभागाकडे देतात. लेखा विभागातला कारकून यंत्रावर ती दोनदा ताडून पाहतो. एका पैशाचा फरक निघत नाही.